लॅक्स्टन : एका इंग्रजी खेड्याचा भूगोल आणि इतिहास

(प्राथमिक शिक्षकांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



भूगोल आणि इतिहास हे दोन विषय शाळेच्या वेळापत्रकात निरनिराळ्या तासांना शिकविले जातात. ही सोय वेळापत्रकाची आहे, गावाची नव्हे. जमिनीचा पोत, पाण्याचा ओघ आणि पावसाचे मान हा गावाचा भूगोल खरा. परंतु ती जमीन कोणी, कोणत्या ठरावाने आणि कोणाच्या साक्षीने कसली, हा त्याच जमिनीचा इतिहास होय. या दोहोंची ताटातूट केली म्हणजे मुलांच्या हाती एका बाजूस नद्यांची नावे आणि दुसऱ्या बाजूस राजांची नावे एवढेच उरते.

ही गोष्ट स्पष्ट करण्यास इंग्लंडमधील लॅक्स्टन या लहानशा खेड्याचे उदाहरण फार उपयोगी आहे. तेथे कोणतीही प्रसिद्ध लढाई झाली नाही. गावाची वस्ती तीनशेच्याही आत आहे. तरीही शेतीच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे नाव चांगले परिचित आहे. कारण एके काळी इंग्लंडच्या मध्यभागातील हजारो खेडी ज्या पद्धतीने शेती करीत, ती पद्धती जवळजवळ सर्वत्र लोप पावली आणि या गावी मात्र ती, तिच्या न्यायसभेसह, आजही चालू आहे.

गावाची जागा

लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशायर परगण्यात, न्यूअर्क या बाजारपेठेच्या उत्तरेस सुमारे दहा मैलांवर वसले आहे. पश्चिमेस शेरवुडचे प्रसिद्ध अरण्य आहे. अरण्याची जमीन रेताड व हलकी. लॅक्स्टनची जमीन मात्र तांबूस, चिकण आणि जड. अशा जमिनीत पाणी लवकर मुरत नाही. इंग्लंडच्या या भागात पावसाचे मान वर्षाकाठी २५ इंचांच्या आसपास, म्हणजे बेताचेच आहे. पण तो पाऊस चार महिन्यांत न पडता वर्षभर थोडाथोडा पडत असतो. त्यामुळे हिवाळ्यात जमीन चिखलाची आणि उन्हाळ्यात विटेसारखी कठीण होते. ही जमीन नांगरावयाची तर भारी नांगर आणि अनेक बैलांची जोत हवी, आणि एवढी बैले बाळगणे एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचे होते. सामायिक शेतीचे एक कारण असे मातीतच सापडते.

गाव थोड्या उंचवट्यावर आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस शेतकऱ्यांची घरे असून कित्येक घरांची अरुंद बाजू रस्त्याकडे आहे. घरामागे अंगण, गोठे, कोठारे आणि त्यामागे लांबट परसू. रस्त्यावरची जागा थोडी आणि ती पुष्कळांना हवी, म्हणून घरे अशी आडवी न बसता उभी बसली. इंग्लंडमधील इतर बहुतेक भागांत शेतकऱ्याचे घर गावाबाहेर, त्याच्या स्वतःच्या शेतात असते. लॅक्स्टनचे शेतकरी मात्र गावातच शेजारी-शेजारी राहतात. आपल्याकडे गावाची पांढरी आणि शिवाराची काळी असा जो भेद केला जातो, तोच भेद या गावात ठळकपणे दिसतो.

गावाच्या उत्तरेस मातीच्या प्रचंड टेकाडावर एका जुन्या किल्ल्याची जागा आहे. हा किल्ला नॉर्मन सरदारांनी बाराव्या शतकाच्या आरंभी उभारला. शेरवुड अरण्याच्या रखवालीचा अधिकार त्याच्या धन्यांकडे होता. किल्ल्याचे बांधकाम नाहीसे झाले. टेकाड आणि त्याभोवतीचे खंदक राहिले. त्याहीपूर्वी, १०८६ साली, विल्यम राजाने साऱ्या राज्याची जमीनपाहणी करविली. तिच्या ‘डूम्सडे बुक’ या दप्तरात लॅक्स्टनची नोंद आहे. म्हणजे या गावाचा लेखी इतिहास नऊशे वर्षांहून अधिक जुना आहे.

तीन शेते

लॅक्स्टनच्या शिवारात तीन मोठी शेते आहेत : दक्षिण शेत, पश्चिम शेत आणि पवनचक्कीचे शेत. ‘शेत’ हा शब्द येथे आपल्या नेहमीच्या अर्थाने घेऊ नये. प्रत्येक शेत शेकडो एकरांचे असे आणि त्यात अनेक शेतकऱ्यांच्या अरुंद पट्ट्या असत. पट्टी-पट्टीमध्ये कुंपण नाही. दोन पट्ट्यांमध्ये केवळ नांगराचा एक तास. म्हणूनच या पद्धतीला मोकळ्या शेतांची पद्धती म्हणतात.

पिकांचा फेरा सर्वांना एकच. एका शेतात शरद ऋतूत गहू पेरावयाचा. दुसऱ्यात वसंत ऋतूत जव किंवा घेवड्यासारखी शेंगांची पिके घ्यावयाची. तिसरे पड ठेवावयाचे. दुसऱ्या वर्षी गव्हाच्या शेतात वसंतातील पीक, त्याच्या शेतात पड आणि पडीच्या शेतात गहू. तीन वर्षांत चक्र पुरे होई. रासायनिक खते नव्हती, त्या काळी जमिनीला विसावा देण्याचा, तण मारण्याचा आणि मेंढ्या बसवून खत मिळविण्याचा हाच मार्ग होता. पीक निघाल्यावर धसकटांत आणि पडीच्या शेतात गावची जनावरे एकत्र चरत. अर्थात कोणी एकाने आपल्या पट्टीत भलत्या वेळी भलते पीक लावले, तर ते इतरांच्या जनावरांच्या तोंडी जाणार किंवा इतरांची चराई अडविणार. तेव्हा पेरणीची व कापणीची वेळ, जनावरे सोडण्याचा दिवस आणि प्रत्येकाने किती जनावरे सोडावीत याची मर्यादा, हे सारे गावाने मिळून ठरवावे लागे.

ओढ्याकाठच्या ओलसर आणि नांगर न चालणाऱ्या जागा गवतासाठी राखलेल्या असत. त्यांना तेथे ‘साइक’ म्हणतात. त्यांवरील गवताचा वर्षातून एकदा लिलाव होतो.

पट्टी, एकर आणि फर्लांग

एका शेतकऱ्याच्या पट्ट्या एका ठिकाणी नसत; त्या तिन्ही शेतांत विखुरलेल्या असत. याचे एक कारण उघड आहे. सर्व पट्ट्या एकाच शेतात असत्या, तर दर तिसऱ्या वर्षी त्या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली असती. शिवाय चांगली जमीन, वाईट जमीन, उंचावरची आणि सखल जमीन ही सर्वांच्या वाट्यास सारखी यावी हाही हेतू होता, असे कित्येक अभ्यासक मानतात. लॅक्स्टनवर ‘द ओपन फील्ड्स’ हा प्रसिद्ध ग्रंथ १९३८ साली लिहिणाऱ्या ऑर्विन दांपत्याने नांगराच्या कामावर भर दिला : एका दिवसात जेवढी जमीन नांगरून व्हावी, तेवढी एक पट्टी.

येथे शिक्षकाच्या ओळखीचे दोन शब्द भेटतात. ‘फर्लांग’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थच ‘तासाची लांबी’ असा आहे. बैलांनी एका दमात ओढावयाचे अंतर म्हणजे एक फर्लांग. पुढे ते २२० यार्ड असे कायम झाले. अशी २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद पट्टी म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, अर्थात एक एकर. साताबाराच्या उताऱ्याने आपल्या परिचयाचे झालेले ४० गुंठे ते हेच. २२ यार्ड म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीची लांबी. ती प्रत्येक मुलाला ठाऊक असते.

नांगराच्या एका तासाची रुंदी ११ इंच धरली, तर २२ यार्ड रुंदीत ७२ तास बसतात. ७२ वेळा २२० यार्ड चालले म्हणजे १५,८४० यार्ड, बरोबर ९ मैल होतात. एक एकर नांगरणारा माणूस जड चिखलातून बैलांमागे ९ मैल चालत असे. मापाच्या कोष्टकातील कोरड्या आकड्यामागे मनुष्याचे आणि जनावराचे श्रम कसे दडलेले असतात, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. लॅक्स्टनमधील प्रत्यक्ष पट्ट्या मात्र लहानमोठ्या होत्या. जमिनीचा उतार आणि पाण्याचा निचरा पाहून त्यांचा आकार ठरे.

१६३५ चा नकाशा

सतराव्या शतकात सर विल्यम कोर्टन या लंडनच्या धनाढ्य व्यापाऱ्याने लॅक्स्टनची जहागीर विकत घेतली. घेतलेल्या मालाची मोजदाद करणे हा व्यापाऱ्याचा स्वभाव. त्याच्यासाठी मार्क पियर्स नावाच्या मोजणीदाराने १६३५ साली सारे गाव मोजून एक नकाशा तयार केला आणि त्यासोबत जमिनीची तपशीलवार वही लिहिली. चर्मपत्राच्या नऊ तुकड्यांवर काढलेला हा नकाशा आज ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. सुमारे ३,८०० एकरांच्या या गावातील प्रत्येक घर, प्रत्येक रस्ता आणि प्रत्येक पट्टी त्यात दाखविली आहे. इतकेच नव्हे, तर नांगरणारी, पेरणारी आणि कापणी करणारी माणसेही त्यात चितारली आहेत. गावाच्या नकाशात गावची माणसे असावीत ही त्या मोजणीदाराची दृष्टी शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगी आहे.

याच कोर्टनचा आपल्या किनाऱ्याशीही संबंध आला. त्याच १६३५ साली चार्ल्स राजाने त्याच्या मंडळीस पूर्वेकडील व्यापाराची सनद दिली आणि कॅप्टन वेडेल याच्या हाताखालील त्यांची गलबते १६३६ साली गोव्यास पोहोचली. कोर्टन स्वतः त्याच वर्षी मरण पावला. लॅक्स्टनच्या कुळांना गोवा कोठे आहे हे बहुधा माहीत नसावे. परंतु त्यांचा धनी मात्र एकाच वेळी त्यांच्या पट्ट्यांवर आणि या दूरच्या बंदरावर नजर ठेवून होता. खेडे कितीही आडवळणी असले, तरी जगाच्या घडामोडींपासून ते अगदी अलग कधीच नसते.

पंचांची फेरी

पट्ट्यांमध्ये कुंपण नसले म्हणजे तंटा ठरलेलाच. दर नांगरटीस शेजाऱ्याचा एक तास आपल्याकडे ओढला, की काही वर्षांत आपली पट्टी रुंद आणि शेजाऱ्याची अरुंद होते. बांध कोरण्याचे प्रकार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. लॅक्स्टनने यावर जो उपाय योजला, तोच या गावाचा खरा वारसा होय.

गावात ‘कोर्ट लीट’ नावाची न्यायसभा आहे. ती शेतकऱ्यांतून बारा पंच आणि त्यांचा एक म्होरक्या नेमते. नोव्हेंबरच्या अखेरीस, नवा गहू वर आला म्हणजे, हे पंच गव्हाच्या शेतात जातात आणि पट्ट्यांच्या हद्दी पाहतात. जेथे हद्द पुसट झाली असेल, तेथे लाकडी खुंटी ठोकतात. कोणी वाटेवर किंवा शेजाऱ्याच्या पट्टीत नांगर घातला असेल, तर त्याची नोंद करतात. पुढल्या आठवड्यात गावच्या खाणावळीत न्यायसभा भरते. जहागिरीचा कारभारी अध्यक्षस्थानी असतो. पंच आपले म्हणणे मांडतात, दंड ठरतात, पुढच्या वर्षाच्या पंचांना शपथ दिली जाते. मोकाट जनावरे कोंडण्यासाठी गावाचा कोंडवाडा होता आणि तो सांभाळण्यास एक माणूस नेमलेला असे.

दंडाची रक्कम क्षुल्लक असते. तिने कोणी दरिद्री होत नाही. परंतु आपल्या नावापुढे दंड पुकारला जाणे आणि तो शेजाऱ्यांच्या देखत भरणे, हे मनुष्यास अधिक लागते. शिवाय पंच हे बाहेरचे अंमलदार नव्हेत. तेही त्याच शेतात पट्ट्या बाळगून असतात. आज जो दुसऱ्याच्या पट्टीत खुंटी ठोकतो, त्याच्या पट्टीत दुसऱ्या खेपेस दुसरा कोणी ठोकणार असतो. निवाडा देण्याचा आणि निवाडा सोसण्याचा अधिकार एकाच माणसाच्या ठायी आल्यामुळे निवाड्यास आपोआप मर्यादा पडते. इंग्लंडमधील अशा बहुतेक जुन्या न्यायसभांचे अधिकार १९७७ सालच्या कायद्याने संपुष्टात आले. लॅक्स्टनच्या सभेचा अधिकार मात्र राखण्यात आला.

कुंपणे आली आणि गावे पालटली

ही पद्धती इतरत्र का गेली, हे समजल्यावाचून लॅक्स्टनचे महत्त्व कळणार नाही. मोकळी शेते मोडून, पट्ट्या एकत्र करून त्यांना कुंपण घालणे आणि सामायिक कुरणे मालकांत वाटून टाकणे, याला इंग्लंडच्या इतिहासात ‘एन्क्लोजर’ म्हणतात. १६०४ ते १९१४ या काळात पार्लमेंटने त्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि त्यांच्याखाली ६८ लक्ष एकर जमीन आली. हा इंग्लंडच्या एकंदर क्षेत्राचा सुमारे पाचवा हिस्सा होय.

या बदलाचे लाभ नाकारता येत नाहीत. स्वतंत्र शेतात मालकाला नवे पीक घेता आले, जमिनीचा निचरा करता आला, जातिवंत जनावरे निपजविता आली, धान्य वाढले. परंतु ज्याला दोन-चार पट्ट्या होत्या किंवा पट्टी मुळीच नव्हती आणि केवळ चराईच्या हक्कावर एखादी गाय आणि सरपण मिळत होते, त्याच्या हाती काय आले? बहुधा काहीच नाही. कायद्याच्या कागदावर त्याचा हक्क सिद्ध होईना. झाला तरी वाट्यास आलेल्या लहान तुकड्याला कुंपण घालण्याचा खर्च झेपेना. तो मजूर झाला, किंवा कारखान्याच्या शहराची वाट धरू लागला. जॉन क्लेअर हा शेतमजूर-कवी ज्या हेल्पस्टन गावी वाढला, तेथे १८०९ च्या कायद्याने कुंपणे आली. हरपलेल्या शिवाराचे दुःख त्याच्या काव्यात उतरले. आर्थर यंग हा शेतीसुधारक तर कुंपणांचा खंदा पुरस्कर्ता. पण त्यालाही १८०१ साली, गरिबांना त्यांची गाय आणि जमीन परत मिळावी, असा आग्रह धरावा लागला.

लॅक्स्टनमध्येही अठराव्या शतकात काही जमिनीस कुंपण पडले. सर्वच पडले नाही, याचे कारण गावकऱ्यांचा मोठेपणा एवढेच नव्हे. गावची जमीन मुख्यतः दोन बड्या घराण्यांत विभागलेली होती आणि त्यांचे एकमत होईना. पुढे काळ इतका उलटला, की मोडण्याचा खटाटोपच कोणाला परवडेना. इतिहासात जतन झालेल्या गोष्टी नेहमीच हेतुपुरस्सर जतन झालेल्या असतात असे नाही, हेही मुलांना सांगावे.

विसाव्या शतकाच्या आरंभी जमीनदार अर्ल मॅनव्हर्स याने पट्ट्यांची अदलाबदल करून त्या संख्येने कमी आणि आकाराने मोठ्या केल्या. १९५२ साली, ही पद्धती टिकावी या हेतूने, गाव शेतकी खात्याच्या स्वाधीन झाले. १९८१ साली ते राजसंपत्तीच्या मंडळाकडे गेले. आणि २०२० साली मॅनव्हर्स घराण्याच्या वारसांच्या थोर्सबी जहागिरीकडे परत आले. आज मोकळ्या शेतांचे क्षेत्र पाचशे एकरांच्या आतबाहेर आहे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला. तिसरे शेत आता नुसते पड न ठेवता चाऱ्यासाठी वापरले जाते. शेतकऱ्यांची संख्या घटली आहे आणि केवळ या पट्ट्यांवर त्यांचा चरितार्थ चालत नाही. त्यांची कुंपणाची शेतेही आहेत. तरी पंचांची फेरी चुकलेली नाही. धनी पुष्कळ झाले. फेरी मात्र शेतकऱ्यांनीच चालविली.

शाळेतील उपयोग

येथे एक सावधगिरी हवी. आपल्याकडील जमिनीचे तुकडे आणि लॅक्स्टनच्या पट्ट्या एकसारख्या नव्हेत. आपले तुकडे मुख्यतः वारसांच्या वाटणीतून पडले आणि ते थांबविण्यासाठी मुंबई प्रांतात १९४७ साली तुकडेबंदीचा आणि एकत्रीकरणाचा कायदा झाला. लॅक्स्टनच्या पट्ट्या सर्वांच्या एका पीकचक्रात बांधलेल्या होत्या. तेव्हा लॅक्स्टनचे अनुकरण करावे असा या विवेचनाचा रोख नाही. गाव कसे वाचावे एवढेच त्यापासून शिकावयाचे आहे.

त्यासाठी चार गोष्टी सहज करता येतील. पहिली, शाळेच्या पटांगणावर किंवा जवळच्या माळावर दोरीने २२ यार्डांचे अंतर आखून, म्हणजे सुमारे २० मीटर, मुलांना एकराची रुंदी पावलांनी मोजू द्यावी. लांबीची कल्पना त्यांच्या दहापटीने येईल. दुसरी, तलाठ्याकडील गावनकाशा पाहून मुलांनी आपल्या शिवाराचा साधा नकाशा काढावा आणि मार्क पियर्सप्रमाणे त्यात काम करणारी माणसे दाखवावीत. तिसरी, शेतांची, ओढ्यांची आणि माळांची जी नावे वृद्धांच्या तोंडी आहेत, ती मुलांनी विचारून वहीत उतरवावीत. वृद्ध गेले म्हणजे ही नावेही जातात. चौथी, गायरान, पाणवठा, कोंडवाडा आणि शिवरस्ता यांपैकी गावात पूर्वी काय होते, आज काय आहे आणि जे गेले ते कोणाच्या ठरावाने गेले, याची चौकशी वरच्या वर्गांनी करावी.

हा चौथा प्रश्न अडचणीचा ठरण्याचा संभव आहे. गावात त्याची उत्तरे एकाहून अधिक मिळतील. शिक्षकाने निवाडा देऊ नये. सर्व उत्तरे मुलांना लिहून घेऊ द्यावीत, नकाशाशी ताडून पाहू द्यावीत आणि शक्य तेथे त्यांना प्रत्यक्ष जागेवर न्यावे. हद्द कोठे आहे हे शेतात उभे राहून, सर्वांच्या देखत पाहावयाचे असते, एवढी शिस्त लहान वयात अंगी बाणली तर ती पुढे गावाच्याच उपयोगी पडेल.